पोटखराब सहा आर

“बोजा म्हंजी इंग्रजीत काय लिवणार, सर?”

अण्णा तिसऱ्यांदा विचारतायत. सकाळचे नऊ वाजलेत. मार्गशीर्षातली थंडी अजून अंगणातून हललेली नाही आणि अण्णांच्या सोप्यात सतरंजीवर आम्ही दोघं समोरासमोर मांडी घालून बसलोय. मधे सातबारा. तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर अडकित्ता आणि दुसऱ्यावर चष्म्याचं घर. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा एक लाख वीस हजारांचा बोजा चढलेला आहे. पीककर्ज; दर वर्षी फेडायचं आणि दर वर्षी काढायचं. गावात कुणाच्याही सातबाऱ्यावर सापडेल तसलं. पण परक्या सरकारला दाखवायचं म्हटल्यावर अण्णांना आज त्याची लाज वाटायला लागली आहे.

“एन्कम्ब्रन्स,” मी सांगतो.

अण्णा तो शब्द तोंडात घोळवून बघतात. जमत नाही. “आपल्यापेक्षा त्येंचाच जड हाय की.”

मी रहिमतपुरात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून घेतलं, पाठातल्या गाळलेल्या जागा भरून घेतल्या. सातबारा मात्र कधी इंग्रजीत नेला नव्हता. न्यूझीलंडच्या व्हिसा खात्याचा नियम असा की अर्जासोबतचा कागद इंग्रजीत नसेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर जोडायचं, आणि ते अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी करायचं नाही. अण्णांचा पुतण्या इंग्रजी घेऊन बीए झालाय, पण तो घरचा. म्हणून माझी वर्णी. लेटरहेड पाहिजे म्हणाले, तर माझ्या शिकवणीच्या वर्गाचं १९९४ साली छापलेलं गठ्ठाभर माळ्यावर निघालं. कडा पिवळ्या पडल्यात, वरचा फोन नंबर कधीच बंद झालाय. तो खोडून मी मोबाइलचा लिहिलाय आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. खाडाखोडीवर सही करायची ही सवय शाळेच्या जनरल रजिस्टरनं लावलेली.

खटाटोप कशासाठी, तर माशासाठी.

अण्णांचा मुलगा सहा वर्षं न्यूझीलंडात, हॅमिल्टनला असतो. नातवाच्या बारशाला त्यानं बोलावलं, अण्णा गेले नाहीत. घर घेतलं तेव्हा बोलावलं, तेव्हा शेतातलं आलं काढायला झालं होतं. गेल्या दिवाळीत मात्र पाच वर्षांच्या नातवानं फोनच्या पडद्यावर टाउपो नावाच्या तळ्यातला ट्राउट दोन्ही हातांनी धरून दाखवला. चांगला हातभर लांब, अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. अण्णा फोन जवळ घेऊन बघत राहिले आणि त्या रात्री जेवताना म्हणाले, “पासपोर्ट काढूया का?”

वहिनी हे अजून विसरलेल्या नाहीत. आत्ताही चहाचे कप ठेवता ठेवता त्या मला ऐकवतात, “नातवाच्या बारशाला न्हाई उठलं माणूस. माशाला उठलं.” वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अण्णांनी धरलेला मासा या घराचा उंबरा ओलांडत नाही. त्याच्यासाठी परड्यात वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळी परात, आणि रांधणारेही अण्णाच. न्यूझीलंडला मात्र दोघं निघालेत. “मी पोराकडं चाललेय, ह्यांच्यासंगं न्हाई,” असं वहिनी सांगतात, आणि अर्जही दोघांचे वेगळेच आहेत.

चहा घेऊन आम्ही पुन्हा सातबाऱ्याकडे वळतो. गट नंबर सरळ आहे, आकडाच तो. भोगवटादार वर्ग १, हेही जमतं. ‘आकार’ या शब्दापाशी अण्णा थांबवतात. आकार ३ रुपये ४० पैसे.

“हे गाळा.”

“का?”

“त्येंना वाटंल जमिनीची किंमत हाय. तीन रुपये चाळीस पैसे. मग कशाला सोडत्यात मला?”

आकार म्हणजे जमिनीचा वार्षिक सारा, जुन्या सर्व्हे सेटलमेंटपासून चालत आलेला. गाळता तर येत नाही. मी खाली तळटीप टाकतो. पुढची तळटीप विहिरीला. ‘सामाईक विहीर, हिस्सा चार आणे.’ आणा चलनातून जाऊन पिढ्या लोटल्या, पण आमच्या विहिरी अजून आण्यांत वाटलेल्या. चार आणे म्हणजे पाव हिस्सा असं लिहिताना मला वाटतं, हा कागद हातात घेणारी तिकडची बाई विहिरीचं पाणी नाण्यांवर मिळतं असं समजली नाही म्हणजे मिळवली. (ती बाईच असेल असं मी का धरून चाललोय कुणास ठाऊक.)

तिसरी तळटीप नावाला. सातबाऱ्यावर अण्णांचं घरचं हाक मारायचं नाव आहे, वडिलांच्या वारसनोंदीत तलाठ्यानं कानावर पडलं ते लिहिलं. पासपोर्टवर शाळेतलं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र पाचशेच्या बाँडवर केलंय, तेही आज इंग्रजीत न्यायचंय. जन्मतारखेचा घोळ नाही, कारण ती सगळीकडे एकच आहे: १ जून १९५७. वहिनींचीही १ जून, साल तेवढं वेगळं. ज्यांनी शाळेत नाव घालताना हेडमास्तरांना तारीख सांगितली नाही त्या सगळ्यांचा आमच्याकडे एकच वाढदिवस. अण्णांच्या आईच्या हिशेबानं ते सुगीत जन्मले. सुगीची नोंद कुठल्या पारपत्रात होत नाही. पारपत्र हा सरकारी मराठीतला शब्द मला आवडतो. पार नेणारं पत्र. पण अण्णांच्या तोंडी तो ‘पासपोट’च आहे आणि तो साताऱ्याच्या पोस्टातल्या केंद्रातून झाला. तिथं अण्णांचे ठसे मशिनवर उमटेनात. आलं, ऊस आणि घेवडा यांनी पन्नास वर्षांत बोटांच्या रेघा घासून नेल्यात. काउंटरवरच्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसून, दाबून, पुन्हा पुसून सातव्या वेळी ठसे मिळवले. अण्णा मॅट्रिक नापास. त्यांना धाकधूक होती की दहावी नाही म्हणून पासपोर्टवर इमिग्रेशन चेकचा शिक्का बसेल. पण पन्नाशी उलटलेल्याला तो लागत नाही. “म्हातारं झाल्याचा येवढा एक फायदा,” असं ते येताना एसटीत म्हणाल्याचं मला आठवतंय.

वहिनींच्या फायलीत सगळ्यात नवा कागद लग्नाचा दाखला आहे. लग्न १९८० चं, दाखला या वर्षीचा. रहिमतपूरची नगरपालिका १८५३ सालची, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. पण तिच्या दप्तरात हे लग्न कधी गेलंच नव्हतं, कारण तेव्हा कुणाचंच जात नव्हतं. मग पंचेचाळीस वर्षांनी दोघं तिथल्या टेबलापुढं उभी राहिली. लग्नपत्रिका वहिनींच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सापडली, लग्न लावणारे भटजी वारलेले, म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र. तीन साक्षीदारांत मी एक. कारकुनानं विचारलं, फोटो आहे का. वहिनींनी काळा-पांढरा काढून दिला. त्यात अण्णांचा मुंडावळ्यांतला चेहरा इतका घाबरलेला आहे की कारकून हसला आणि अण्णाही हसले. तो दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो. माझं एक भाषांतर वाचलं.

आता राहिला क्षेत्राचा रकाना. लागवडयोग्य क्षेत्र ०.७६ हेक्टर, पोटखराब ०.०६, एकूण ०.८२. जुन्या हिशेबात दोन एकर एक गुंठा.

इथं माझं पेन थांबतं.

पोटखराब म्हणजे शेताच्या पोटातली खराब जागा: खडक, ओघळ, काठाची दरड. तिचेही ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग. शेतीला निरुपयोगी म्हणून सोडलेली ती ‘अ’, आणि रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाकडे गेलेली ती ‘ब’. अण्णांची सहा आर ‘अ’ मध्ये आहे. मला ती जागा चांगली ठाऊक आहे. आल्याचा वाफा संपतो, बांध येतो, बांधाखाली कमंडलू नदी वळण घेते, आणि त्या वळणावर उंबराखाली एक सपाट धोंडा आहे. धोंड्यावर अण्णांच्या बसण्यानं गुळगुळीतपणा आलेला. पन्नास वर्षं तिथूनच गळ टाकतायत. पूर्वी मरळ लागायची, वाम लागायची, पहिल्या पुरात शिंगटा यायचा. आता दहातले आठ चिलापीच.

“अनकल्टिव्हेबल,” मी लिहितो आणि वाचून दाखवतो.

“म्हंजी?”

“पीक न येणारी जागा.”

अण्णा चष्म्यावरून माझ्याकडं बघतात. “येतंय की. आठवड्याला किलो-दोन किलो.”

वहिनी आतून म्हणतात, “ते बी लिवा. सरकारला कळू दे.”

दहाला फोन वाजतो. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यांचा उन्हाळा, पडद्यावर एवढं ऊन आहे की मुलाचा चेहरा पांढराफेक दिसतो. नातू मधेच येतो, “अण्णा!” म्हणतो आणि पळतो. मुलगा कागदांची चौकशी करतो: स्पॉन्सरशिपचा फॉर्म त्यानं भरलाय, पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्यात. आई-वडिलांसाठीचा जो व्हिसा आहे त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, तीन वर्षांत अनेकदा जाता-येता येतं. पण अण्णा तीन महिनेच राहणार, फेब्रुवारी ते एप्रिल. सहा महिन्यांच्या वर राहायचं नाही म्हणून छातीचा एक्स-रेही नको. हे सगळं ऐकून झाल्यावर अण्णा मूळ विषय काढतात.

“माजी काठी आनतो.”

मुलगा क्षणभर गप्प. “अण्णा, काठी आणू नका.”

अण्णा उठून कोपऱ्यातली काठी आणतात आणि पडद्यासमोर धरतात, जशी काही काठी दिसली तर निकाल बदलेल. वेळूची, पेरापेराला तापवून सरळ केलेली, मुठीजवळ सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तिला तंगूस, तंगुसाला शिशाचा बारका मणी, आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या दांड्याचा चार बोटं तुकडा. मासा नुसता हुंगून गेला तर तो तुकडा कसा थरथरतो, आमिष तोंडात धरलं तर कसा तिरका होतो आणि गिळलं तर कसा सरळ बुडतो, हे अण्णांनी मला अनेकदा समजावून सांगितलं आहे. चौतीस वर्षांत मी कर्मणी प्रयोग कुणाला इतका नीट समजावला नसेन.

मुलगा शांतपणे एकेक सांगत जातो. देशात शिरण्याआधी तिकडच्या सरकारला ऑनलाइन जाहीरनामा भरून द्यायचा असतो. त्यात वापरलेलं मासेमारीचं सामान आहे का असा प्रश्न असतो. असेल तर सांगायचं, ते स्वच्छ आणि कोरडं ठणठणीत पाहिजे, उतरल्यावर तपासतात. न सांगता नेलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. कारण २००४ साली त्यांच्या दक्षिण बेटावरच्या नद्यांत एक परकं शेवाळ सापडलं. दगडांवर घाणेरड्या लोकरीसारखं वाढतं, आणि ओल्या गळाबरोबर, ओल्या बुटांबरोबर एका नदीतून दुसरीत जातं. तेव्हापासून ते लोक पाण्याच्या बाबतीत फार कडक झालेत. वेळू म्हणजे वनस्पती, तीही दाखवावी लागेल, किडीचं एक भोक दिसलं तरी अडकेल.

“आन् पीस?”

पिसाला इथूनच अडचण आहे, आणि ती मला सांगावी लागते. मोराचं आपोआप गळालेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

“येवढा दांडा हाय वं. पीस कुटं ऱ्हायलंय त्याला?”

“दांडाही मोराचाच, अण्णा.”

अण्णा काठी भिंतीला टेकवून ठेवतात. वहिनींनी एका पिशवीत घरचं तूप, कंदी पेढे, मधाची बाटली आणि वाघ्या घेवड्याचं बी भरून ठेवलेलं आहे. त्याही पडद्यासमोर पिशवी धरतात. मुलगा कपाळाला हात लावतो. पिशवीतून शेवटी सुटते ती कांदा-लसूण मसाल्याची पुडी, तीही जाहीर करायच्या अटीवर. वहिनी म्हणतात, “मग यायचं तरी कशाला?” पण बी पुन्हा डब्यात ओतून ठेवतात.

काठी तिथं घेऊ, फायबरची, असं मुलगा समजावतो. आणि परवाना काढू.

“माशाचा बी परवाना?”

टाउपो तळ्याचा परवाना वेगळा. बाकी न्यूझीलंडभर गोड्या पाण्यातल्या ट्राउटसाठी एक लायसन चालतं, ते टाउपोला चालत नाही. तिथलं वनखातं स्वतःचं देतं. समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, पण माप लागतं. ते राहतात त्या बाजूच्या पूर्व किनाऱ्यावर स्नॅपर ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड निघाला तर सोडून द्यायचा, आणि माणशी दिवसाला सातच. ट्राउट विकायला आणि विकत घ्यायला कायद्यानंच बंदी. ज्यानं धरला त्यानं खायचा नाही तर वाटायचा.

या शेवटच्या नियमावर अण्णा खूश होतात. त्यांनीही कधी मासा विकलेला नाही. जास्तीचा निघाला तर आळीत कुणाच्या परड्यात जातो हे आळीला ठाऊक आहे आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

“आन् ट्राउट तितलाच व्हय, मूळचा?”

मूळचा नाही. कॅलिफोर्नियातून त्याची अंडी आणली १८८३ साली, गोऱ्यांना मायदेशासारखी मासेमारी पाहिजे होती म्हणून. हे मी कालच वाचलेलं, ते सांगतो, आणि मास्तरकीच्या सवयीनं पुढचंही सांगून टाकतो. आपला चिलापीसुद्धा आफ्रिकेचा, १९५२ मध्ये सिलोनवरून भारतात आणलेला.

अण्णा विचार करतात. “त्यानं कुटं व्हिसा काढलावता?”

तिकडे मुलगा एवढा हसतो की फोन हलतो.

दुपारी जेवण झाल्यावर शेवटचा कागद. मुलाचं म्हणणं, एक पत्र जोडायचं: कशाला येताय आणि परत का जाणार आहात. अर्ज बघणाऱ्याच्या मनात मुख्य शंका हीच असते, की आलेलं माणूस परत जाईल का. सातबारा, बँकेचं पासबुक, घराचा उतारा, सगळं त्या एका शंकेसाठी. मी नेहमीच्या साच्यात सुरुवात करतो: आदरपूर्वक निवेदन करतो की. अण्णा हात वर करतात.

“मी सांगतो तसं लिवा. मग करा काय ते इंग्रजी.”

आणि ते सांगतात. नातवानं मासा दाखवला, तो बघायला येतोय. पोरानं बोलावलं होतं दोनदा, तेव्हा गेलो नाही, ते चुकलं. आलं काढून झालंय, बेण्याचं तेवढं जमिनीत झाकून ठेवलंय. अक्षय्य तृतीयेनंतर बेणं लावायला घ्यायचं असतं, त्याच्या आत मला इथं यायलाच पाहिजे, भाऊ-पुतण्याला बेणं निवडता येत नाही. डोळे पाहिजेत बेण्याला, आणि गड्डा कुजका निघाला तर वाफाच्या वाफा जातो. माझ्याकडं सोसायटीचं कर्ज आहे, ते जूनच्या आत फेडून पुन्हा काढतो. कागदावर बोजा दिसतोय तो तोच.

मी लिहीत जातो. बेण्याला ‘सीड राइझोम’ म्हणावं लागतं, अक्षय्य तृतीयेला ‘एप्रिल-मे’. गड्डा, वाफा, डोळे, सगळ्यांना तिकडचे शब्द देतो आणि दर वेळी एकेक गोष्ट थोडी पातळ होते. बोजा त्यांनी स्वतःच मांडला, हे मात्र मी त्यांच्या लक्षात आणून देत नाही.

चारला आम्ही फाइल घेऊन निघतो. पुतण्याच्या पोराचं सेवा केंद्र चौकात आहे. वाटेत अण्णांना तिघं जण विचारतात, झालं का? गावभर बातमी आहे. एक जण म्हणतो, मासं धरायला न्यूझीलंड? कृष्णा आटली काय? अण्णा त्याला म्हणतात, “अंगापूरच्या डोहात रामदासांना देव घावले. मला तितं चिलापी घावतो.” समर्थांना चाफळचा राम आणि सज्जनगडची अंगलाई याच डोहात मिळाल्याचं परंपरा सांगते. अण्णांची त्या डोहाशी जुनी तक्रार आहे.

रणदुल्लाखानाच्या कबरीचा घुमट झाडांवरून दिसतो. महंमद आदिलशहाचा सरदार तो, विजापूरहून इथपर्यंत येताजाताना त्याला कुणी कागद विचारला नसेल. त्याच्यामागून त्याच रस्त्यानं बैलावर माल लादून जाणाऱ्याला मात्र विचारत. राहदारी, दस्तक, परवाना. मोडी दप्तरांत हे शब्द जागोजाग भेटतात. त्यांत नाक्यांना उद्देशून लिहिलेलं असायचं की अमुक इसम, अमुक बैल, अटकाव न करणे. आमच्या फायलीतही तेवढंच मागणं आहे, फक्त बैल नाहीत.

सेवा केंद्रात एक टेबल, दोन खुर्च्या, लॅमिनेशनचं मशिन आणि भिंतीवर पीकविम्याच्या मुदतीचा कागद. पोरगा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत पुन्हा काढतो, कारण आमच्या प्रतीवर चहाचा गोल उठलाय. पीकपाहणीत त्यानंच मोबाइलवरून भरलेलं ‘आले’ तिथं छापून येतं. मग एकेक कागद काचेवर उलटा पडतो, प्रकाशाची पट्टी सरकते. माझं पिवळं लेटरहेड पडद्यावर आणखी पिवळं दिसतं. पोरगा म्हणतो, “सर, ब्लॅक अँड व्हाइट करू?” मी नको म्हणतो. पिवळं तर पिवळं.

अर्जातले प्रश्न तो मोठ्यानं वाचतो, अण्णा उत्तर देतात, केंद्रात आलेले बाकीचे ऐकतात.

“कधी शिक्षा झाली आहे?”

“न्हाई.”

“कुठल्या देशातून हाकललंय?”

“पंढरपूरच्या पुढं गेलोच न्हाई.”

“सैन्यात होता?”

“तालमीत होतो.”

“टीबी?”

“तुज्या बापाला झालावता. मला न्हाई.”

पोरगा निमूट ‘नो’वर टिचकी मारतो. येण्याचं कारण या रकान्यात त्यानं आधीच ‘कुटुंबाची भेट’ निवडलेलं आहे. अण्णा वाकून ते बघतात, माझ्याकडं बघतात. “मासं कुटं हायेत?” पोरगा म्हणतो, यादीत मासे नाहीत, अण्णा. मी सांगतो, पत्रात आहेत.

पैसे भरताना नेट जातं. गोल फिरत राहतो. परदेशी पाहुण्यानं तिथल्या निसर्गासाठी द्यायचे म्हणून १०० डॉलर फीमध्येच धरलेले आहेत. अण्णांना ते कळल्यावर ते कुरकुरत नाहीत, एवढंच म्हणतात की आपण बी कमंडलूला असं काढलं असतं तर. चहा येतो. गोल फिरतो. साडेपाचला पडद्यावर हिरवी खूण उमटते, आणि पोरगा दोन्ही हात वर करतो, जसा काही कबड्डीत गडी बाद केलाय.

“झालं?”

“गेला अर्ज, अण्णा. आता वाट बघायची.”

“ते येतंय मला,” अण्णा म्हणतात.

घरी न जाता ते शेताकडं वळतात, मला बोलवत नाहीत, पण मी जातो. आल्याचे काढून झालेले वाफे उकरलेले पडलेत, ओल्या मातीत आल्याचा वास अजून आहे. कोपऱ्यातला बेण्याचा तुकडा पाल्यानं झाकलेला. बांध उतरून आम्ही पोटखराबात येतो. बंधाऱ्याला फळ्या घातल्यामुळं पाणी भरून आहे, हिरवट, उंबराची सावली त्यात मोडलेली. शेतातल्या छपरात दुसरी एक काठी असते, ती अण्णा घेतात. खिशातून कणकेचा गोळा निघतो. म्हणजे सकाळपासून तो खिशात होता. सातबारा, प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट, सगळ्यांबरोबर.

ते धोंड्यावर बसतात. मी मागं, बांधाला टेकून. मोरपिसाचा दांडा पाण्यावर उभा राहतो.

बोलणं होत नाही. पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर सुरू होते आणि बंद होते. एकदा दांडा थरथरतो, अण्णा हलत नाहीत. दुसऱ्यांदा तिरका होतो, तरी हलत नाहीत. मग तो सरळ खाली जातो आणि अण्णांचं मनगट फक्त वर येतं.

चिलापी. गवतावर तडफडतो, करडा, पाठीचे काटे ताठ. अण्णा त्याला डाव्या हातानं दाबून धरतात आणि मग असं काही करतात जे मी त्यांना कधी करताना पाहिलेलं नाही. उजव्या हाताचा अंगठा माशाच्या तोंडाशी टेकवून ते वीत ताणतात. विताच्या पुढं शेपटीकडे बोटं लावत जातात. एक, दोन. तिसऱ्या बोटाला मासा संपतो.

“वीत आन् चार बोटं म्हंजी किती हुतंय, सर?”

“तीस सेंटिमीटरच्या आसपास.”

“मग हे आखूड पडलं.”

ते माशाकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघतो. पाण्यात सोडतायत की काय असं मला वाटतं, कारण हात पाण्याच्या दिशेनं वळलेला आहे. पण त्यांना मासा धुवायचा असतो. दोनदा बुचकळून ते तो पिशवीत टाकतात.

“तितं सोडू,” ते म्हणतात, आणि गळाला नवी कणीक लावायला घेतात.